आधी दिवस हलका करा, मग बोलायला बसवा

पत्र:

ताई, नमस्कार. माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत आहे. आम्ही सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. मी पोस्टात, हे एमआयडीसीत. शाळेत ती एकदम शांत, वह्या नीटनेटक्या, बाईंची एक तक्रार नाही. घरी आली की दप्तर फेकते, दार लावून घेते, भिंतीवर डोकं आपटते. दिवाळीनंतर पुण्यात तपासण्या झाल्या. ऑटिझम आणि जोडीला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं, आहे असं सांगितलं. इथल्या एका समुपदेशकांकडे सहा वेळा नेलं. तिथे ती ‘माहीत नाही’ एवढंच बोलते. ते तिच्याकडून डोळ्यांत बघून बोलायचा सराव करून घेतात, आणि ती सहकार्य करत नाही म्हणतात. तिथून आलं की पुढचे दोन दिवस फार वाईट जातात. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या मोठ्या मुलीला कुठला ऑटिझम, लाड झालेत. एक नातेवाईक स्टेम सेलचा (शरीरातल्या मूळ पेशी वापरून करतात तो) उपचार घ्या म्हणून मागे लागलेत, खर्च काही लाख. आणि मागच्या आठवड्यात ती म्हणाली, ‘मी नसते तर तुम्हाला बरं झालं असतं.’ समुपदेशन चालू ठेवू की थांबवू? तिला तिचं निदान सांगू का? शाळेत सांगू का? एसटीच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेल्या मुलीला स्वतःला काय होतंय ते सांगता येत नाही. मी नोकरी केली म्हणून असं झालं का? मे महिन्यात पुतणीचं लग्न आहे, तिला न्यावं का, हेसुद्धा कळेनासं झालंय.
— एक आई

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते.

‘मी नसते तर तुम्हाला बरं झालं असतं.’ ती चिडून म्हणाली असेल किंवा अगदी सपाट आवाजात, बसची वेळ सांगावी तशी. दोन्ही वेळा ते खरं धरायचं. ऑटिझम असलेल्या मुलामुलींचा चेहरा आणि आवाज मनातल्या वेदनेएवढा बदलेलच असं नसतं, म्हणून ‘तशी हसत होती की’ यावर विसंबू नका. या मुलांमध्ये जीव नकोसा होण्याचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. आजच, घरात दोघीच असताना, सरळ विचारा: ‘तुला मरून जावंसं वाटतं का? कधी काही करायचं मनात आलं का? काय करायचं ठरवलं होतंस?’ विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. आडवळणाने विचारलंत, ‘वेडंवाकडं काही मनात नाही ना आणत?’, तर तुमच्या मुलीला प्रश्नच कळणार नाही. बोलायला जड जात असेल तर कागदावर ‘हो’, ‘नाही’, ‘कधीकधी’ लिहून तिला बोट ठेवायला सांगा. तिने काही ठरवलेलं असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा आणि तोवर तिला एकटं सोडू नका. ठरवलेलं नसलं तरी घरातली औषधं, फिनेल आणि शेतीची फवारणीची औषधं असतील तर ती आजच कुलपात जाऊ द्या. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं. तो क्रमांक तिच्या वहीतही लिहून ठेवा.

आता समुपदेशनाचं. तुम्ही विचारलंत चालू ठेवू की थांबवू. सध्या जे चाललंय ते थांबवा. मुलीला मदत नको म्हणून नव्हे. तिथे तिच्यावर असलेल्या ओझ्यात भर पडतेय म्हणून.

तिचा एक दिवस डोळ्यांसमोर आणू या. सकाळची व्हॅन, त्यात कोंबलेली मुलं. वर्गात साठेक जण, वर करकरणारा पंखा, अंगाला टोचणारी गणवेशाची शिवण. तासाची घंटा, मधल्या सुट्टीचा गलका. शाळेतल्या स्वच्छतागृहाच्या वासाने दिवसभर लघवी दाबून ठेवणं आणि म्हणून पाणीच न पिणं. (हे नक्की विचारा. अशा कितीतरी मुली मी पाहिल्या, आणि घरी कुणालाच ते माहीत नव्हतं.) तुमच्याआमच्या मेंदूला यातलं बरंचसं ऐकूच येत नाही, तो ते आपोआप मागे ढकलतो. तिचा मेंदू ढकलत नाही. वर ती सात तास आणखी एक काम करत असते: मैत्रिणी कधी हसतात ते बघून हसायचं, हात हलवावेसे वाटले तरी बाकाखाली दाबून ठेवायचे, बाई बोलताना बघायचं कुठे ते आठवत राहायचं. इंग्रजीत याला मास्किंग म्हणतात. मी मराठीत ‘सोंग’ म्हणणार नाही, कारण त्या शब्दात लबाडीचा वास आहे. ही मुलं जीव मुठीत धरून नीट वागत असतात. शाळेला दिसते ती शांत, गुणी मुलगी या मेहनतीतून उभी राहिलेली आहे, आणि त्या मेहनतीची किंमत संध्याकाळी घरी चुकती होते. घर ही एकच जागा तिला सुरक्षित वाटते, म्हणून ती तिथे कोसळते.

त्यावर आठवड्यातून एकदा तिला अनोळखी खोलीत बसवून डोळ्यांत बघायला लावायचं, म्हणजे दिवसभर ज्याने ती थकते त्याचीच जादा शिकवणी. तिथून आल्यावर दोन दिवस वाईट जाणारच. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. २०१२ मध्ये त्यांनी एक साधी गोष्ट मांडली: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नसतं. समजुतीचा अडथळा दोन्हीकडून असतो. मग सराव फक्त तुमच्या मुलीनेच का करायचा? तिच्याकडे न बघता तिचं ऐकायचा सराव मोठ्यांनीही करायला हवा.

‘माहीत नाही’ या उत्तराबद्दल मला माझ्या कामातलं सांगायचं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे साधारण याच वयाचा एक मुलगा यायचा. कित्येक भेटी मी त्याला ‘तुला कसं वाटतं?’ विचारत राहिले, तो ‘माहीत नाही’ म्हणत राहिला, आणि मी फाइलमध्ये ‘प्रतिसाद नाही’ असं लिहीत राहिले. ती माझी चूक होती, आणि त्यात त्याचे काही महिने गेले. एका भेटीत मी बोलणं सोडलं, शाळेच्या इमारतीचा नकाशा काढायला सांगितला आणि तीन रंग दिले: चालतं, नको वाटतं, सहन होत नाही. दहा मिनिटांत एक जिना पूर्ण लाल झाला. त्या जिन्यावर रोज काय घडत होतं ते मग कळलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. ऑटिझम असलेल्यांपैकी साधारण निम्म्या जणांना आपली भावना ओळखून तिला नाव देणं फार अवघड जातं. छातीत धडधडतंय ते भीतीने, रागाने की भुकेने, हे वेगळं करता येत नाही. तिथे ‘कसं वाटतं’ हा प्रश्न भिंतीला विचारल्यासारखा आहे.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. आधी दिवसातलं ओझं काढायचं, मग बोलायचं. पुढचे चार-सहा आठवडे घरात हेच उपचार समजा.

शाळेनंतरची शिकवणी बंद करा. आठवीचं वर्ष आहे हे मला माहीत आहे, तरीही बंद करा. ती घरी आली की पहिला पाऊण तास तिला एकही प्रश्न नको, ‘आज काय शिकवलं?’ हासुद्धा नको. गणवेश बदलून जुने मऊ कपडे, पाणी, आणि रोज तोच एक पदार्थ. दहीभात आवडत असेल तर रोज दहीभात. त्यात पोषण कमी पडेल ही काळजी महिनाभर बाजूला ठेवा. खोलीतला दिवा मंद, दार तिच्या मर्जीने लावलेलं, फक्त आतून कडी नाही एवढं ठरवून घ्या. पाळी सुरू झाली असेल तर त्या दिवसांत पॅडचा स्पर्श आणि आवाजसुद्धा तिला असह्य होत असेल. मऊ सुती कापडाचं काही चालतं का बघा, आणि त्या दिवसांत घरी राहायची मुभा द्या.

डोकं आपटू लागली तर भिंत आणि डोकं यांच्यामध्ये उशी सरकवा. दिवा बंद, टीव्ही बंद, आणि तुम्ही गप्प. जिवाला धोका नसेल तर धरून ठेवू नका, समजावू नका, ‘बघ बरं आजी काय म्हणेल’ तर मुळीच नाही. हा हट्ट नाही. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा उघडून तुम्ही बघताय ना ते पाहतं, आणि हवं ते मिळालं की थांबतं. तुमची मुलगी दार लावून घेतेय, तिला कुणी बघायलाच नको आहे. सासूबाईंना हे याच शब्दांत सांगून बघा. त्या मुद्दाम दुष्टपणे बोलत नसाव्यात. ऑटिझम म्हणजे न बोलणारा लहान मुलगा, हेच चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे, आणि त्याला कारणही आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ज्या ११ मुलांचं वर्णन करून हे निदान जगासमोर आणलं, त्यांत ८ मुलगे होते आणि ३ मुली. पुढे कितीतरी वर्षं निकष मुलग्यांकडे बघून घडत गेले. ऑटिझम आणि एडीएचडी एकाच व्यक्तीत असू शकतात, हे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेनेही २०१३ मध्ये मान्य केलं. बोलक्या, हुशार, निमूट मुली या चाळणीतून निसटत राहिल्या. तुमच्या मुलीचं निदान तेराव्या वर्षी झालं, ते तुमच्या दुर्लक्षाने नव्हे.

आणि तुमच्या नोकरीनेही नाही. आईच्या थंडपणाने ऑटिझम होतो असं विसाव्या शतकाच्या मध्यावर मोठमोठे डॉक्टर म्हणायचे, आणि त्यांनी किती आयांना रडवलं असेल देव जाणे. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून ते खोडून काढलं. मेंदूची ही घडण जन्माआधीपासूनची असते आणि तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. पोस्टातली खुर्ची तिथे पोचत नाही.

सासूबाईंकडे एक काम सोपवा, त्यांना ते उत्तम जमेल. संध्याकाळी ती शांत झाली की दोघींनी शेजारी बसून शेंगा सोलायच्या, नाहीतर तांदूळ निवडायचे. बोलणं झालं तर झालं. समोरासमोर बसून, डोळ्यांत बघून जे या मुलांच्या तोंडून निघत नाही, ते हाताला काम असताना आणि नजर सुपात असताना निघतं. माझ्या खोलीतही आता मी समोर बसत नाही.

एसटीच्या वेळापत्रकाबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तर तिथेच दार दिसतं. तिला विचारा, ‘आज तुझी गाडी कुठे आहे?’ स्टँडवर उभी, विनाथांबा सुसाट, की खंबाटकीच्या घाटात अडकलेली? इंजिन तापलंय का? पाटीवर कुठलं गाव आहे? तिला ‘मला चिंता वाटते’ म्हणता येणार नाही कदाचित, पण ‘घाटात आहे, मागे ट्रकची रांग आहे’ हे ती पटकन म्हणेल, आणि तेवढ्यावर पुष्कळ काम करता येतं. ही माझ्या मनची युक्ती नाही. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेला मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांच्या चिंतेवर बोलण्याचे उपचार कसे बदलून द्यावेत ते लिहून ठेवलं आहे. भावना ओळखायला आधी शिकवा, तोंडी कमी आणि लेखी व चित्रांतून जास्त काम करा, प्रश्नाला पर्याय द्या, मधे मधे विश्रांती द्या, पालकांना सोबत घ्या, आणि मुलाच्या आवडीचा विषय उपचारात आणा, असं त्यात म्हटलं आहे.

दिवस थोडा हलका झाला की नवा माणूस शोधा. आधी त्यांना फोनवर हेच विचारा: ऑटिझम असलेल्या किशोरवयीन मुलींबरोबर काम केलंय का? मुलगी बोलली नाही तर तुम्ही काय करता? ‘हळूहळू बोलती करू’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. ‘चित्रं काढू, लिहू, तिच्या आवडीचं काही करू’ असं म्हणाले तर जा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, त्यात संकोच नको. पुण्या-ठाण्यातले काही जण व्हिडिओवर भेटतात, आणि अशा मुलींना कित्येकदा तेच बरं पडतं, कॅमेरा बंद ठेवून लिहून बोलता येतं. स्पर्श-आवाजाच्या त्रासासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट हा वेगळा माणूस असतो, त्याचीही गरज लागेल. ऑटिझमवर औषध नाही. एडीएचडीसाठी, किंवा चिंता फार असेल तर, औषधाचा उपयोग होऊ शकतो. ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

स्टेम सेलसाठी एक रुपयाही काढू नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलं आहे की ऑटिझमवर उपचार म्हणून याची शिफारस करता येत नाही. त्या नातेवाइकांना कळकळ असेल तर त्यांनी आवाज अडवणारे चांगले हेडफोन घेऊन द्यावेत.

निदान तिला सांगा. हो, सांगाच, आणि आत्यांना-मावशांना कळायच्या आधी तिला. आपण वेगळ्या आहोत हे तिला पहिलीपासून माहीत आहे. नाव माहीत नसल्यामुळे तिने स्वतःच नावं ठेवली असतील: वेडी, आळशी, नकोशी. ‘मी नसते तर’ हे वाक्य तिथूनच आलं असावं. भांडणानंतर सांगू नका, दवाखान्याच्या वाटेवर सांगू नका. एखाद्या साध्या रविवारी, शक्यतो पत्र लिहून, म्हणजे तिला पुन्हा पुन्हा वाचता येईल. ‘आजार’, ‘बिघाड’, ‘स्पेशल’ हे शब्द टाळा. असं काहीसं लिहा: ‘तुझा मेंदू आवाज आणि प्रकाश जास्त घेतो, म्हणून शाळेनंतर तू इतकी दमतेस. याला ऑटिझम म्हणतात. एसटीच्या वेळा तुझ्या लक्षात राहतात त्या याच मेंदूमुळे. तुला समजून घ्यायला आम्हाला उशीर झाला. आता संध्याकाळ सोपी कशी करायची ते आपण मिळून ठरवू.’ मग तिला वेळ द्या. ती तासाभराने ‘बरं’ म्हणून निघून जाईल आणि तीन आठवड्यांनी, भाजी चिरताना, पहिला प्रश्न विचारेल.

शाळेचा प्रश्न त्यानंतरचा, कारण त्यात तिची संमती हवी. वर्गशिक्षिकेला सांगावं असं माझं मत आहे. वर्गातल्या मुलींना सांगायचं की नाही ते तिचं तिने ठरवायचं. बाईंकडे निदानाचा कागद घेऊन जाण्याआधी मोजक्या मागण्या घेऊन जा. मधल्या सुट्टीत वाचनालयात बसू देणं. दाराजवळचं बाक. न विचारता बाहेर जाता येईल असं एक कार्ड. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला न लावणं. स्नेहसंमेलनाच्या तालमीतून सूट. यात शाळेचा पैसा जात नाही. ‘इथे तर ती छान असते, घरीच काहीतरी असेल’ असं त्या म्हणतील. तेव्हा संध्याकाळचं काय ते शांतपणे सांगा, तारखांसकट लिहून न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे, आणि शाळेने सोयी करून देणं हे उपकार नाहीत. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत वेगळं नाही, म्हणून प्रमाणपत्राचा अर्ज ऑटिझमसाठी करा. जिल्हा रुग्णालयातून ते मिळतं. दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. नववी संपायची वाट बघू नका, कागद फिरायला वेळ लागतो. प्रमाणपत्र हातात आलं की राष्ट्रीय न्यास या दिव्यांगांसाठीच्या सरकारी संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेचीही चौकशी करा. वर्षाला एक लाखापर्यंतच्या त्या विम्यात थेरपीचा काही खर्चही बसतो. प्रमाणपत्र मिळालं म्हणजे मुलीवर शिक्का बसला, असं घरात कुणी म्हणालं तर माझं हे पत्र त्यांना वाचायला द्या.

राहिलं लग्न. तिला विचारा आणि ‘नाही’ म्हणाली तर आजी किंवा बाबांपैकी एकाने आनंदाने घरी थांबायचं. ‘हो’ म्हणाली तर आदल्या दिवशी कार्यालय रिकामं असताना दाखवून आणा. गर्दी नसलेली एक खोली हेरून ठेवा. नव्या रेशमी कपड्यांऐवजी धुऊन मऊ झालेला सुती ड्रेस चालेल. अक्षता पडल्या की जेवायला थांबायचं किंवा नाही, आणि डीजे सुरू व्हायच्या आत निघायचं. परतीची गाडी कुठली ते तिलाच ठरवू द्या, तिला वेळा पाठ आहेत.